एका वेळी एकच वस्तू

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'एका दिवसात सात संग्रहालये' हा लेख वाचला. सोबतचा नकाशा सुबक होता, वेळापत्रकही नेटके. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात मोजमापे तपासण्यात गेली. त्यामुळे या चाळीस मिनिटांचा हिशेब मांडल्याशिवाय राहवले नाही. तिकिटाची रांग, सुरक्षा तपासणी, पिशवी ठेवून बिल्ला घेणे, एकदा स्वच्छतागृह आणि निघताना तोच बिल्ला चारही खिशांत शोधणे. उरतात वीस-बावीस मिनिटे. तेवढ्यात दोन मजले चढायचे-उतरायचे. याला पाहणे कसे म्हणावे? शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, तसा प्रकार.

हा प्रकार जुनाच आहे म्हणा. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडले, पण सुरुवातीला आत जायला आधी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे आणि मग छोट्या गटाला बरोबरचा माणूस भराभरा फिरवून बाहेर आणी. १७८४ मध्ये बर्मिंगहॅमहून गेलेल्या एका पुस्तकविक्रेत्याने या भेटीची हकीकत लिहून ठेवली आहे. जेमतेम दहा जणांचा गट, कुणी काही समजावून सांगेना, विचारावे तर मार्गदर्शकच खेकसला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास सगळे बाहेर. जेवढा शहाणा आत गेलो तेवढाच शहाणा परत आलो, असा त्याचा शेरा. बिचाऱ्याला निदान कुणीतरी हाकलले होते. आपण आपल्या पायांनी धावतो.

परगावच्या पाहुण्याचे मी समजू शकतो. त्याचे परतीचे आरक्षण झालेले असते. पण जो याच शहरात राहतो, त्याने पाहुण्याच्या घाईने का पाहावे? आमची खोड अशी की पिकते तिथे विकत नाही. संग्रहालयाच्या दारावरून मी वर्षानुवर्षे बसने कामावर गेलो. आत पहिले पाऊल टाकले ते घरी आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायचे म्हणून. त्या दिवशी आम्ही 'सगळे' पाहिले. घरी आल्यावर मला आठवत होते ते फक्त माझे गुडघे.

गुडघ्यांचा दोष नव्हता, हे नंतर कळले. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयात येणारा थकवा, या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला वस्तूंविषयी काही प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याला काय काय करावे लागते याची छायाचित्रे काढली. कुठे तो गुडघ्यात वाकला आहे, कुठे कमरेत, कुठे मान वेळावून तळकप्प्यातली पाटी वाचतो आहे. निष्कर्ष साधा होता. काचपेट्यांची उंची आणि पाट्यांच्या जागा चुकल्या की पाहणाऱ्याचे अंग मोडते आणि मग नजरही मरते. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण मुंगीएवढ्या अक्षरातली पाटी ढोपराच्या उंचीवर लावण्याची हौस काही ठिकाणी अजून फिटलेली नाही. (आमच्या ऑफिसात असे ड्रॉइंग साहेबांनी परत पाठवले असते.)

दुसरी गोष्ट नजरेची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात संशोधकांनी प्रेक्षक एकेका नामवंत चित्रासमोर किती वेळ उभे राहतात ते मोजले होते. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २७ सेकंदांची, आणि ती काही थोड्या रेंगाळणाऱ्यांमुळे वाढलेली. निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. यात पाटी वाचण्याचा वेळही धरलेला आहे. मी हसलो, आणि पुढच्या खेपेला घड्याळ लावून स्वतःला तपासले. अकरा सेकंद. हसू विरले.

माझी सवय बदलली ती पावसामुळे. छत्री नव्हती म्हणून संग्रहालयात शिरलो आणि पहिल्या दालनातल्या एकुलत्या एका बाकावर बसून राहिलो. समोर एक अर्धवट राहिलेली दगडी मूर्ती होती. चेहरा पूर्ण, एक खांदा जवळजवळ पूर्ण, पाय मात्र अजून दगडातच. आधीच्या भेटीत मी तिच्यासमोरून नक्की गेलो असणार, पण ती पाहिल्याचे अजिबात आठवत नव्हते. पाऊस तासभर थांबला नाही आणि मला दुसरा उद्योग नव्हता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो आहे, पण टाकीचे घाव दिसतात कसे ते त्या दिवशी पाहिले. पायांपाशी खोल, रांगडे खड्डे, कमरेशी बारीक समांतर रेघा, गालावर काहीच नाही. एकाच दगडात कामाचे सगळे टप्पे. आम्ही ड्रॉइंगवर कच्च्या रेघा ठेवून द्यायचो, त्याची आठवण झाली.

उठताना तिथल्या सुरक्षारक्षकाने हटकले. "काका, साडेचारला या एकदा. त्या खिडकीतून तिरका उजेड येतो, तेव्हा रेघा अजून उठून दिसतात." गेलो, आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. दिवसाचे आठ तास त्या दालनात उभा असणाऱ्या माणसाला वस्तूंच्या ज्या खोडी ठाऊक असतात, त्या पाटीवर कधीच येत नाहीत. त्या मूर्तीसमोर मी आजवर सहा वेळा बसलो आहे. दर भेटीला एकच वस्तू, पाऊण तास, मग घरी, असा माझा नेम झाला आहे. बाकी दालने कुठे पळून जात नाहीत.

खरे तर काही वस्तू पळतात, आणि तेही एका जागचे रहिवासी असण्याच्या फायद्यात मोडते. जलरंगातली चित्रे, हस्तलिखिते, जुने कापड यांना उजेड सोसत नाही. झालेली हानी साठत जाते आणि भरून निघत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. वाचायच्या टेबलावर आपण याच्या सहा ते दहापट उजेड घेतो. तेव्हा अंधाऱ्या दालनाला नावे ठेवण्याआधी डोळे सरावेपर्यंत पाचेक मिनिटे थांबावे. शिवाय या वस्तू काही महिने मांडून पुन्हा कोठारात विश्रांतीला नेतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. पाहुणा एकदा येतो, त्याला जे मांडलेले असेल ते मिळते. आपल्याला पाळीपाळीने बरेच पाहता येते.

चित्रांच्या खासगी गॅलऱ्यांविषयी तर तुमच्या लेखात अवाक्षर नव्हते. काचेचे दार, आत पांढऱ्या भिंती आणि टेबलामागे एक गंभीर चेहरा दिसला की आपल्यासारख्याला वाटते, इथे विकत घेणाऱ्यांचेच काम. तसे काही नसते. विक्रीच्या गॅलरीत नुसते पाहायला जायला बहुधा तिकीट नसते, आणि चित्रे दर काही आठवड्यांनी बदलतात. चित्राशेजारी लाल टिकली असेल तर ते विकले गेले असे समजावे. किंमत भिंतीवर नसेल तर टेबलावर यादी असते, ती मागायला संकोच नको. उद्घाटनाची संध्याकाळ मात्र टाळावी, तेव्हा चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात. आडवारी दुपारी जावे. कधी कधी चित्रकार स्वतः कंटाळून बसलेला असतो आणि कुणी बोलायला आले तर त्याला आनंदच होतो.

आता मुद्द्याचे. एकाच वस्तूसाठी लोक येतील का, ही शंका तुमच्या मनात आली असेल. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रे बाहेर हलवली आणि ती शेवटी वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. गॅलरीच्या भिंती रिकाम्या झाल्या. १९४२च्या आरंभी 'द टाइम्स'मध्ये चार्ल्स व्हीलर या शिल्पकाराचे पत्र छापून आले. गॅलरीने नुकतेच विकत घेतलेले रेम्ब्रांटचे चित्र लोकांना पाहू द्या, जखमी शहराला सुंदर गोष्टी पाहण्याची गरज आता अधिकच आहे, असा त्याचा आशय. गॅलरीने ऐकले. त्यानंतर खाणीतून दर महिन्याला एक चित्र आणून मांडण्याचा प्रघात पडला, आणि बॉम्बहल्ल्यांच्या शहरातले लोक त्या एकेका चित्रासाठी येत राहिले. लक्षात घ्या, सुरुवात झाली ती वाचकांच्या पत्रव्यवहारातून.

म्हणून आपल्याकडे माझीही एक मागणी आहे. सात संग्रहालयांच्या यादीऐवजी दर आठवड्याला आपल्या शहरातल्या एकाच वस्तूवर दीडशे शब्द छापा. ती कोणत्या दालनात आहे, कोणत्या वेळी उजेड चांगला पडतो, समोर बसायला जागा आहे की नाही. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते तेही ठळक छापा, कारण बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो आणि सोमवारी बंद दारापर्यंत जाऊन परतलेला माणूस पुन्हा येत नाही. मोठ्या संग्रहालयांपुरते थांबू नका. वैद्यकीय महाविद्यालयातले, रेल्वेचे, टपाल खात्याचे, एखाद्या जुन्या वाड्यातले, जिथे आधी फोन करून किल्लीवाल्याला बोलवावे लागते, तेही येऊ द्या. मजकूर लिहायला अभ्यासक मिळतीलच, पण एकदा तरी सुरक्षारक्षकांना विचारून लिहा.

आणि संग्रहालयांच्या व्यवस्थापकांच्या नजरेस हे पत्र पडले तर एवढेच की दालनागणिक निदान एक बाक द्या, किंवा प्रवेशद्वाराशी घडीची हलकी स्टुले ठेवा. मुलांना पेन नेऊ देऊ नका हे रास्त आहे, शाईचा डाग निघत नाही. पण पेन्सिल आणि कागद घेऊन कुणी मूल खाली बसले तर त्याला उठवू नका.

सदराची पहिली वस्तू कोणती घ्यावी असे विचाराल, तर मूर्तीचा पत्ता मी देऊ शकतो. जाताना साडेचारच्या सुमारास जावे, आणि तो बाक मला गुरुवारी लागतो.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन