बाबांच्या पाठीच्या शेकाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कर्करोग उतरलेल्या तुमच्या पाठीच्या हाडाला किरणांचा शेक (रेडिओथेरपी) दिला की फुप्फुसांतल्या गाठीही विरतात, असे कुणीतरी आईला सांगितले, आणि त्यावर तुम्ही म्हणालात की एका कलमावर फवारणी केली म्हणून बागेतला सगळा तुडतुडा मरत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तू हे बाबांना सावकाश वाचून दाखव.

आईने ऐकले ते खोटे नाही. किरण एका जागी दिले असताना दूरच्या, किरण न लागलेल्या गाठी लहान झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आर. एच. मोल या ब्रिटिश संशोधकांनी १९५३ साली या परिणामाला ‘ॲबस्कोपल’ हे नाव दिले. किरणांनी गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातली प्रथिने बाहेर पडतात, प्रतिकारशक्तीच्या काही पेशी ती उचलून जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात आणि तिथे टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींना, शत्रूची ओळख पटते. या टी-पेशी मग रक्तावाटे सर्वत्र फिरतात, आणि फुप्फुसातल्या गाठीवर तीच खूण आढळली तर तिच्यावरही तुटून पडतात. फवारणीचे औषध मात्र त्या कलमापुरतेच राहते. तुमचा दाखला शरीराला पूर्णपणे लागू पडत नाही तो इथे.

पण कर्करोगाच्या पेशी टी-पेशींना लगाम घालतात, त्यामुळे नुसत्या शेकाने असे फार क्वचित घडते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९६९ ते २०१४ या एवढ्या मोठ्या काळातले अवघे ४६ रुग्ण सापडले. तुम्हाला सलाईनमधून मिळणारे निवोलुमॅब हा लगाम सोडवणाऱ्या औषधांपैकीच आहे. त्यांच्यामागच्या मूलभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीच्या इपिलिमुमॅबवर असलेल्या, मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मणक्याजवळच्या गाठीला किरण दिल्यावर इतर गाठीही आक्रसल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून या जोडीकडून मोठी अपेक्षा धरली गेली. तरीही २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, डोके व मान यांच्या कर्करोगावरच्या एका चाचणीत निवोलुमॅबला किरणांची जोड देऊन इतर गाठींवर जास्त परिणाम झाला नाही. मला आशा आहे, आणि ती मी लपवणार नाही. परंतु त्या आशेवर विसंबून सलाईनची एकही तारीख चुकवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेक घ्यायचा तो पाठीच्या दुखण्यासाठी, आणि तेवढ्यासाठीही तो नक्कीच घेण्यासारखा आहे. हाडात उतरलेल्या कर्करोगाच्या वेदना त्याने बहुतेकांच्या कमी होतात. पुष्कळदा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एकच डोस वेदनेसाठी अनेक दिवसांच्या शेकाइतकाच उपयोगी पडतो, तेव्हा तो तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. देवगडहून फोंडा घाट चढून कोल्हापूरला वारंवार जाणे त्या पाठीला सोसणार नाही. आराम पडायला काही आठवडे लागू शकतात आणि पहिले काही दिवस दुखणे वाढलेलेही वाटते, म्हणून घाबरू नका आणि वेदनेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आई, दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेव. बाबांच्या पायांतली शक्ती कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी गाडी काढून इस्पितळ गाठायचे. आणि नवा खोकला, धाप किंवा न थांबणारे जुलाब सुरू झाले, तर ते निवोलुमॅबमुळेही असू शकतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सलाईन चालू असल्याचे सांग.

फुप्फुसांतल्या गाठींचे काय झाले ते पुढच्या सीटी स्कॅनमध्येच कळेल. त्या वेळी मी रजा घेऊन येणार आहे. जुने रिपोर्ट आणि फिल्म एका पिशवीत काढून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहता येतील.

तुमची लेक