पसारा मांडून ठेवलाय

ऑस्टिन, टेक्सस
२० जुलै

ती. बाबांना आणि सौ. आईला सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. परवा फोनवर बाबा नुसतं "बरं, ठेवतो" म्हणाले, तेव्हापासून चैन नाही. बोलायला जमत नाही, म्हणून लिहितेय.

चिरंजीवांना शाळेतून काढलं हे खरं. पण चोरून काही नाही हो. घरी शिकवणं ही एक खासगी शाळाच, असं टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच ठरवलंय. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं शिकवायचं. शाळेला सहीनिशी पत्र दिलं, संपलं. तपासणीला कुणी येत नाही. तुमच्याकडे साहेब यायचे तेव्हा आम्ही पोरं दोन दिवस पटांगण झाडायचो, आठवतं?

आई, तुला पटणार नाही अशी एक गोष्ट. मुलांना त्यांच्या कलाने शिकू देणाऱ्या इथल्या बायका मुद्दाम पसारा मांडतात! खरंच. त्याला त्यांचा शब्द आहे, 'स्ट्रूइंग'. भिंग, नकाशा, जुनं घड्याळ, असलं काहीबाही टेबलावर, सोफ्यावर टाकून ठेवायचं आणि आपण कांदा चिरत बसायचं. "हे बघ" म्हणायचं नाही. मुलाने उचललं तर उचललं, नाहीतर आठवड्याने गुपचूप दुसरं ठेवायचं. पसाऱ्यावरून तुझा मार खाल्लेली मी, आता रोज रात्री तो मांडते.

सध्या पोराने उचललंय ते वटवाघूळ. (आई, अपशकुन वगैरे नको.) इथे काँग्रेस ॲव्हेन्यूच्या पुलाखाली सुमारे १५ लाख वटवाघळं राहतात. १९८० मध्ये पूल नव्याने बांधला, त्याच्या खालच्या फटी त्यांना नेमक्या मानवल्या. मार्चच्या सुमारास मेक्सिकोहून येतात, जूनमध्ये पिल्लं. संध्याकाळी धुरासारखी बाहेर पडतात. एक साधारण १२ ग्रॅमचं. त्याने काट्यावर १२ ग्रॅम शेंगदाणे तोलले, बराच वेळ मुठीत धरून बसला, मग सगळ्यांचं मिळून वजन काढलं. उत्तर आलं १८० टन. शून्य एक जास्त. बाबा, तुमची छडी माझ्या हातात आली होती. जीभ चावून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दात घासता घासता ओरडत आला, "आई, १८!"

एकलकोंडा होईल ही भीती सोडा. गुरुवारी बागेत पंधरा-वीस पोरं जमतात, चार वर्षांचं आणि चौदा वर्षांचं एकत्र, आपल्या वाड्यात होतं तसंच. आणि दहावीचं म्हणाल, तर परत आलोच तर शाळेत न जाता परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे ना! गावातल्या किती जणांचे तुम्ही स्वतः भरून दिलेत. त्यांना कधी वाया गेलेले म्हणाला नाहीत.

मराठीचं मात्र विचारू नका. तुम्ही पाठवलेलं बालभारतीचं पुस्तक दोन महिने सोफ्यावर आहे. गेल्या आठवड्यात उचललं, वजनकाटा सपाट बसावा म्हणून खाली सारायला. मी रात्री पुसून परत ठेवलं.

आता पैशाचं. मी नोकरी सोडल्यामुळे धाकटीच्या लग्नाला कबूल केलेले तीन लाख एकदम जमणार नाहीत. दीड या महिन्यात पाठवते, उरलेले दिवाळीनंतर नक्की. हॉलवाल्याला तेवढं थांबायला सांगा. तिला यातलं काही कळू देऊ नका, ती साड्या कमी करत बसेल. तुमच्या पीएफला हात लावू नका, बाबा. माझ्या शिक्षणाला एकदा लावलात तेवढं पुरे. तिकिटं बघतेय. ह्यांना रजा नाही मिळाली तर आम्ही दोघंच येऊ.

बाबांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

तुमची,
माई

ता. क. शाळेमागच्या पिंपळावर अजून वटवाघळं लटकतात का, असं नातू विचारतोय. बाबांनी मोजून कळवावं. अंदाज चालणार नाही म्हणतो.