क्लच आणि फ्लायव्हील घरीच बदलले, त्याचा वृत्तांत

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. क्लच आणि फ्लायव्हील आम्ही मित्रांनी मिळून घरीच बदलले, हे आईकडून कळल्यावर तुम्ही जे प्रश्न लिहून पाठवलेत, ते वाचताना तुम्ही शेजारी उभे राहून एकेक नट तपासत आहात असे वाटले. गाडी कशावर उभी केली होती, फ्लायव्हील बदलण्याची खरोखर गरज होती का, आणि गिअरबॉक्स परत चढवताना त्याचे वजन कोणी पेलले, हे तिन्ही प्रश्न नेमके आहेत. फोनवर त्यांची धड उत्तरे देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर इंजिनाची. हे मॉडेल १९८९ मध्ये आले. दोनच आसने, कापडी छत आणि वजन साधारण एक टन. इंजिन पुढे लांबीच्या दिशेने बसवलेले, त्यामागे फ्लायव्हील हे जड चाक आणि त्याला धरून इंजिनाचा जोर पुढे जोडणारा-तोडणारा क्लच, मग गिअरबॉक्स, जोर मागे नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागची चाके फिरवणारे डिफरन्शियल, अशी सरळ रांग असल्यामुळे तुम्ही आयुष्यभर ज्या अवजड गाड्यांखाली काम केलेत त्यांची मांडणी आणि हिची मांडणी मुळात एकच आहे. अडचण जागेची. ट्रकखाली माणूस बसून काम करू शकतो. हिच्याखाली पाठीवर पडून, नाकासमोर गिअरबॉक्स ठेवूनच सगळे करावे लागते.

क्लच घसरत होता यात शंका नव्हती. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे चढत आणि वेग मात्र तिथेच राही. पेडल सुरुवातीला थोडे रिकामे जात होते, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग त्याच्या स्प्रिंगवर सतत दाबून बसल्यामुळे क्लच घसरत आहे, असे म्हणायला जागा नव्हती. गिअरबॉक्सच्या तोंडाखाली तेलाचा ओघळही नव्हता, त्यामुळे क्लचमधल्या घर्षणाच्या प्लेटला तेल लागण्याची शक्यता कमी होती. उरले ते प्लेटवरचे, पकड घेणारे अस्तर झिजणे. शिवाय गाडी जागेवरून सुटताना थरथरत असे, आणि ही थरथर एकट्या प्लेटची नसते, फ्लायव्हीलच्या पृष्ठभागाचाही तिच्यात बऱ्याचदा वाटा असतो, हे तुमच्याच तोंडून ऐकलेले होते.

आता पहिला प्रश्न. सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना अडणी लावून आधी पुढची आणि मग मागची बाजू उचलली आणि गाडी चार लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), सांगाड्याच्या मजबूत जागी, चारही बाजूंनी सारख्या उंचीवर बसवली. जॅकचा उपयोग फक्त उचलण्यापुरता केला. त्याच्या भरवशावर कोणीही क्षणभरही खाली गेला नाही. घोड्यांवर भार आल्यावर बाजूने जोर लावून गाडी हलवून पाहिली, आणि काढलेली चाके आडवी करून कडेच्या पट्टीखाली सरकवून ठेवली, म्हणजे घोडी सरकली तरी सांगाडा चाकावर टेकेल आणि माणसाला जागा राहील. उंची ठरवताना गिअरबॉक्स जॅकवर असताना बाहेर सरकवता यायला हवा, हेही मोजून घेतले. बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढली, कारण स्टार्टरच्या जाड तारेत चावी बंद असतानाही वीज असते.

उघडण्याचे काम क्लचपेक्षा क्लचपर्यंत पोहोचण्याचेच जास्त आहे. गिअरचा दांडा आतून, रबरी टोप्या काढून, तीन बोल्ट सोडवून वर उचलला. गिअरऑइल काढून टाकले. प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्या जोडावर खूण केली, कारण शाफ्ट पुन्हा त्याच जागी बसला नाही तर तोल बिघडून गाडी वेगात थरथरू शकते. पेडलचा दाब नळीतून घेऊन क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर नळी न उघडता तसाच बाजूला बांधून ठेवला, आणि कोणी चुकूनही पेडल दाबू नये म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी डकवली; पेडल दाबले गेले असते तर पिस्टन बाहेर निघून हवा काढण्याचे आणखी एक काम वाढले असते.

या गाडीत तुम्ही न पाहिलेली एक गोष्ट आहे. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना एक लांब ॲल्युमिनियमची तुळई जोडते. त्यामुळे इंजिनापासून डिफरन्शियलपर्यंतचा सगळा सांधा ताठ राहतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच मागची चाके लगेच प्रतिसाद देतात. मात्र गिअरबॉक्सची शेपटी पेलणारा वेगळा आडवा आधार नसल्यामुळे ही तुळई सोडवण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावावाच लागतो. तुळई निघाली की शेपटी थोडी खाली झुकवता येते, आणि मगच गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाचे वरचे बोल्ट दिसू लागतात. दिसतात म्हणजे काय, बोटांना लागतात! गोटी पान्याला लांब दांड्या एकमेकींना जोडून, मध्ये एक वळणारा सांधा घालून, गिअरबॉक्सच्या वरून मागून पुढे ते सोडवावे लागतात. एक जण दांडी फिरवतो आणि दुसरा वरच्या फटीतून हात घालून गोटी बोल्टवर धरून ठेवतो. एकट्याने हे काम करणारे असतातही, पण मी त्यांच्यातला होऊ इच्छित नाही.

आमच्यातला एक मित्र सुतारकाम करणारा, त्यामुळे पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाची आकृती काढून निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवण्याची कल्पना त्याची. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, हे तुम्हाला सांगायला नको. दुसरा मित्र हिशेबतपासनीस आहे. तो प्रत्येक नटाची नोंद वहीत करत होता, आणि हा स्वभाव गॅरेजमध्ये इतका उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते.

गिअरबॉक्स मागे घेतल्यावर क्लच समोर आला. त्यातली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, हे मी सगळ्यांना आधीच बजावले होते. जुन्या काळी अस्तरात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि ही गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी तिच्यात कोणी कोणती प्लेट घातली असेल ते सांगता येत नाही. म्हणून तोंडाला चांगला मास्क लावून, फवारा मारून धूळ ओली केली आणि फडक्याने पुसून घेतली. तुमच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरची नळी लावून ती काळी धूळ उडवत असत, ते दृश्य मला आठवते आणि आज बरे वाटत नाही. तुमच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तुमच्या कामाचे स्वरूप स्पष्ट सांगा, एवढी विनंती आहे.

घर्षणाची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे सैल केले. तुम्ही बसवलेल्या जुन्या प्लेटांमध्ये गोल स्प्रिंगांची रांग असे आणि तिन्ही बोटांची उंची जुळवावी लागे. इथे एकच थाळीच्या आकाराची पातळ स्प्रिंग असते, तिच्या मधल्या जिभांवर बेअरिंग दाबते आणि उंची जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. हिचा गुण असा की अस्तर झिजत गेले तरी दाब लगेच कमी होत नाही, त्यामुळे क्लच शेवटपर्यंत ठीक वाटतो आणि मग थोड्याच काळात हात टेकतो. आमच्या प्लेटचे अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांना जवळजवळ भिडले होते. काही ठिकाणी नख लावले तर अस्तर आणि रिव्हेट यांच्यातली पायरीही लागत नव्हती.

आता फ्लायव्हीलबद्दल, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे. त्याच्या तोंडावर निळसर डाग गोलाकार पसरलेले होते आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या बारीक चिरा होत्या. असा निळा डाग म्हणजे त्या जागी लोखंड इतके तापले की ते आजूबाजूच्या भागापेक्षा कठीण झाले. नुसते घासून रंग गेला तरी कठीण ठिपका खाली राहू शकतो आणि काही दिवसांत तिथे पुन्हा उंचवटा तयार होऊन थरथर परत येते. मशीनवर नीट घासून घेतले असते तर कदाचित भागले असते. पण चिरा किती खोल आहेत ते घासल्याशिवाय कळत नाही, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे चाक माझ्या पायांपासून हातभर अंतरावर फिरणार होते. पुन्हा तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून नवेच घेतले.

हलके फ्लायव्हील घ्यावे असा हिशेबतपासनीस मित्राचा आग्रह होता आणि त्यावर बरीच वादावादी झाली. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. फिरत्या चाकाचे जडत्व वस्तुमानावर आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे कडेचे थोडे लोखंड कमी केले तरी इंजिन फेरे चढवताना आणि उतरवताना चपळ होते, आणि हा फायदा पहिल्या गिअरमध्ये सर्वांत जास्त जाणवतो. पण ज्या साठ्यातून गाडी जागेवरून हलवताना ऊर्जा मिळते तो साठाही त्याबरोबर कमी होतो. चढावर गाडी सोडताना इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते, क्लच अधिक घासावा लागतो, आणि थांबलेल्या गाडीत इंजिनाची धडधड जास्त जाणवते. शर्यतीच्या ट्रॅकवर हे सोसवते; रोज सिग्नलला थांबणाऱ्या माणसाने मूळ वजनाचेच घ्यावे असे माझे मत, आणि गाडी माझी असल्यामुळे ते चालले.

इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकावरचे सहा बोल्ट काढण्यासाठी फ्लायव्हील दात्यांपाशी अडवून धरावे लागले. ते निघाल्यावर मागचे ऑइल सील कोरडे दिसले, तरी तेही बदलले. एवढे उघडून जुने सील आत ठेवणे मला पटत नाही. या गाडीत गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग क्रँकच्या भोकात नसून फ्लायव्हीलच्याच मध्यभागी बसते, त्यामुळे जुने बेअरिंग बाहेर काढण्यासाठी भोकात ग्रीस भरून वर दांडा ठोकण्याची तुमची युक्ती वापरायची वेळ आली नाही. नवे बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि त्याच्या बाहेरच्या कड्याएवढी गोटी घेऊन हलक्या ठोक्यांनी बसवले. ठोका आतल्या कड्यावर पडू दिला नाही. फ्लायव्हीलच्या बोल्टांना आट्यांवर सीलंट लावून टप्प्याटप्प्याने सुमारे १०० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क पान्याने आवळले. प्रेशर प्लेटच्या बोल्टांना त्याच्या चौथाईइतकाही जोर लागत नाही, आणि हिशेबतपासनिसाने दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते.

नव्या फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून कारखान्यात तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढला, फडके पांढरे निघेपर्यंत. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ती खूण पाहून, मध्यात प्लास्टिकचा दांडा घालून प्लेट केंद्रात आणली आणि मगच बोल्ट आवळले. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांना उष्णतेत टिकणारे ग्रीस बोटाने चोळून पुसून टाकले, म्हणजे फक्त खाचांमध्ये राहिले. जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

तुमचा तिसरा प्रश्न, वजनाचा. गिअरबॉक्स जॅकवर पट्ट्याने बांधला होता. सुतार मित्र जॅक आणि कोन सांभाळत होता, मी पाठीवर पडून आवरणाचे तोंड इंजिनाच्या सरळ रेषेत धरत होतो, आणि तिसरा मागे राहून गिअर टाकलेल्या अवस्थेत शेपटीतला शाफ्ट थोडा थोडा फिरवत होता, म्हणजे दाते प्लेटच्या दात्यांत शिरतील. शाफ्ट प्लेटमध्ये शिरल्यानंतर गिअरबॉक्सचे वजन त्याच्यावर लोंबकळू दिले तर प्लेटचा मध्य वाकतो, म्हणून फट वर-खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कोणी ढकलायचे नाही असे ठरले होते. शेवटचे दोन बोटांचे अंतर बराच वेळ हटत नव्हते. बोल्ट लावून ओढून घेण्याचा मोह तेव्हाच होतो आणि आवरणाचे कान तेव्हाच तुटतात. मागची बाजू जॅकने केसभर वर घेतली, शाफ्ट थोडा फिरवला, आणि गिअरबॉक्स हाताने ढकलताच टक् आवाज होऊन पिनांवर बसला.

पुढचे सगळे उलट क्रमाने झाले. तुळई बसवताना शेपटीची उंची मात्र पुस्तकातल्या मापाप्रमाणे जुळवली. सुमारे दोन लिटर ७५डब्ल्यू-९० गिअरऑइल भरले. गाडी खाली घेण्याआधी मागची चाके हवेत असतानाच पेडल दाबून सगळे गिअर पडतात का ते पाहिले. आता थरथर नाही, क्लच मध्यावर पकडतो आणि पेडल पूर्वीपेक्षा हलके आहे. पहिले ८०० किलोमीटर होईपर्यंत जोराने सुटायचे नाही, म्हणजे अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांशी नीट जुळतील, असे ठरवले आहे.

जुने फ्लायव्हील अजून भिंतीला टेकवून ठेवले आहे. सुतार मित्राला ते मशीनवर घासून आपल्या गाडीसाठी राखून ठेवायचे आहे. माझा कल ते भंगारात देण्याकडे आहे. चिरा घासल्यावर गेलेल्या दिसल्या, तर तुम्ही तसे फ्लायव्हील पुन्हा वापरत होतात का, आणि किती जाडी गेली की नाकारत होतात, ते कृपया पुढच्या पत्रात लिहा. त्याला माझे पटत नाही, तुमचे पटेल.

आईला नमस्कार. तिला सांगा की गाडीखाली असताना कोणीही एकटा नव्हता.

कळावे,
तुमचा मुलगा