पाइन नट नकोत, मग पेस्टोत काय?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पेस्टोसाठी, म्हणजे बेसिल, दाणे, चीज आणि तेल वाटून करतात त्या हिरव्या इटालियन सॉससाठी, पाइन नट आणू का म्हणून विचारलंस. आणू नकोस. तेच पैसे बऱ्या ऑलिव्ह ऑइलवर आणि चीजवर घाल. सुक्यामेव्याच्या दुकानात दिसतो तो लांबट चिलगोजाही पाइन नटच, हिमाचलातल्या किन्नौरकडेही होणारा, आणि तोही महागच.

पाइन नटात शंभर ग्रॅमला जवळजवळ ६८ ग्रॅम तेल असतं. म्हणून तो ठेचला की लोण्यासारखा होतो, पाला, तेल आणि चीज एकत्र धरून ठेवतो, आणि स्वतःची चव मध्ये मध्ये आणत नाही. बदली दाणा निवडताना हेच बघायचं. शिवाय बदल म्हणजे काही पाप नाही. सिसिलीतल्या त्रापानीला बदाम-टोमॅटोचाच पेस्टो करतात, आणि पेस्टोच्या माहेरी, खुद्द जिनोव्हाच्या मुलखात अक्रोडाचा वेगळा सॉस आहे.

चौघांचं प्रमाण: बेसिलची निव्वळ पानं ६० ग्रॅम, निवडलेला दाणा ३० ग्रॅम, किसलेलं पार्मेजान चीज ६० ग्रॅम, लसणाची एक पाकळी, तेल ७० मिली. मीठ शेवटी चाखून, कारण चीजच खारट असतं. (अस्सल पार्मेजानला वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट लागतं. शाकाहारी कुणी जेवणार असेल तर हिरवा ठिपका असलेलं हार्ड चीज घे.) बेसिलऐवजी तुळस घालू नकोस, तिच्या लवंगी वासापुढे बाकी काही उरत नाही.

पहिल्यांदा करतोयस तर काजू घे. तुकडा काजू चालतो, वाटायचाच आहे. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, जेमतेम रंग बदलेपर्यंत भाज आणि पूर्ण गार होऊ दे. काजूत तेल कमी, ४४ ग्रॅमच्या आसपास, आणि पिष्ट बरंच. म्हणून पेस्टो घट्ट, जरा गोडसर होतो. चमचाभर तेल जास्त आणि दोन थेंब लिंबू एवढ्यावर भागतं. ३० ग्रॅमच्या वर गेलास तर मात्र पंजाबी ग्रेव्हीची चव येते.

अक्रोडाची चव मला काजूपेक्षा आवडते, पण त्याला कष्ट आहेत. आधी एक दाणा चावून बघ. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तो खवट आहे, भाजून सुधारत नाही. चांगला असेल तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेव. पाणी चहासारखं तपकिरी होतं, तो सालीचा तुरटपणा. मग पंच्यात घेऊन चोळ. खाचांतली साल राहते, राहू दे, निम्मी गेली तरी पुरे. नंतर कढईत कोरडे कर. ही साल तशीच वाटलीस तर पेस्टो कडवट आणि मळकट होतो.

बदाम सोलून घे आणि पाल्याआधी एकटेच वाट. तो कठीण असतो, पाल्याबरोबर टाकलास तर दातांखाली कचकचतो. शेंगदाणा नको. वाईट लागत नाही, पण मग ती चटणी होते, आणि चटणी आपल्याला येतेच.

तुझ्या रूममेटला काजूची अ‍ॅलर्जी आहे म्हणालास. मग पिस्ताही नको, तो काजूच्याच कुळातला, आणि बाकीचे नट त्याला विचारल्याशिवाय नकोत. लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया घे. कढईत फुगून तडतडायला लागल्या की लगेच उतरव, अर्धं मिनिट जास्त झालं तर करपट लागतात. रंग तर पाइन नटपेक्षा हिरवा येतो. सूर्यफुलाच्या बियाही चालतील, पण २५ ग्रॅमच, त्यांना मातकट चव असते. बियांच्या पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना वाच. ज्या भांड्यात काजू वाटलास ते त्याच्यासाठी नुसतं विसळून चालणार नाही. पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात कूट अडकतो. रबर काढून, साबणाने घासून धू.

आता वाटण. मिक्सरचं छोटं भांडं पात्यासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. पानं धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी कर. आधी दाणे आणि लसूण, मग पानं आणि दोन चमचे तेल, एकेक सेकंद थांबत थांबत. सलग फिरवलंस तर पातं तापतं आणि पाला काळा पडतो. चीज आणि उरलेलं तेल वाटीत काढून चमच्याने मिसळ. ऑलिव्ह ऑइल पात्याखाली जोरात घुसळलं की कडू होतं, आणि आपण दोष देतो दाण्याला.

पेस्टो गॅसवर गरम करायचा नाही. पास्त्याचं अर्धी वाटी पाणी राखून ठेव. गॅस बंद करून पास्त्यात पेस्टो घाल, आणि ते पाणी चमच्या-चमच्याने, सॉस चिकटून चमकेपर्यंत. काजूच्या पेस्टोला ते जरा जास्त लागतं. उरला तर बाटलीत वरून तेलाचा थर देऊन फ्रीजमध्ये ठेव, तीन दिवसांत संपव. कच्चा लसूण तेलात आहे, ओट्यावर ठेवू नकोस.

तुझी,
आई