किलो-ओहम पाहून जॅझ वाजत नाही

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारवर जॅझचा गोल आवाज कसा काढावा यावरचा लेख वाचला. या विषयाला मराठी दैनिकात अर्धे पान मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र सोबतच्या तक्त्यात नेक पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे, मानेकडचे चुंबक-कॉइल) किलो-ओहमच्या उतरत्या क्रमाने लावले आहेत आणि खाली 'आकडा जितका मोठा, तितका आवाज भरदार' असा निष्कर्ष छापला आहे. जॅझपुरते बोलायचे तर हे जवळजवळ उलटे आहे. पिकअप काही कपड्यासारखा दुकानात अंगाला लावून बघता येत नाही. डाख देऊन गिटारमध्ये बसवल्यावरच तो बोलतो. त्यामुळे इंदूरचा एखादा मुलगा हाच तक्ता पुढे ठेवून ऑनलाइन मागवणार आणि काही हजार रुपये खर्चून आवाज पहिल्यापेक्षा गढूळ करून बसणार. म्हणून हे पत्र.

आधी किलो-ओहम म्हणजे काय ते पाहू. चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसासारख्या तांब्याच्या तारेचा तो रोध, बाकी काही नाही. तार बारीक घेतली की वेढे तेवढेच ठेवूनही आकडा वाढतो. ४२ गेजची तार ०.०६३ मिमी जाडीची, ४३ गेजची ०.०५६ मिमी. एवढ्या फरकाने रोध साधारण सव्वापट होतो. फेंडरच्या टेलिकास्टर गिटारचा नेक पिकअप ४३ गेजच्या तारेचा असतो, म्हणून तो सात-साडेसात किलो-ओहम दाखवतो आणि तरीही तेवढ्याच आकड्याच्या हमबकरपुढे (गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपपुढे) नरम बोलतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर हलतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. २० अंशांना ७.५ किलो-ओहम दाखवणारा पिकअप इंदुरात जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ७.२ दाखवेल आणि मेच्या दुपारी ४२ अंशांना ८.१५. आपल्या तक्त्यात या दोन आकड्यांत तीन वेगवेगळी मॉडेले बसली आहेत! तक्ता करायचाच असेल तर त्यात इंडक्टन्स (कॉइल बदलत्या प्रवाहाला किती अडवते ते) किती हेन्री, चुंबक कोणता, पोलमधले (प्रत्येक तारेखालच्या धातूच्या खुंट्यांमधले) अंतर किती आणि कॉइल मेणात बुडवलेली आहे की नाही, हे रकाने हवेत.

जॅझचा आवाज आपल्या कानाला समजावायचा तर सतारीची जवारी आठवावी. खुली जवारी झणझणते, बंद जवारी गोल बोलते. ब्रिजकडचा, म्हणजे घोडीजवळचा पिकअप हा खुल्या जवारीच्या घरचा, नेक पिकअप बंद जवारीच्या. कारण अर्थात वेगळे आहे. पिकअप तार एकाच जागी ऐकतो. २५.५ इंची, म्हणजे ६४८ मिमी स्केलच्या (मोकळ्या तारेच्या लांबीच्या), २२ फ्रेटच्या (पडद्यांच्या) गिटारवर नेक पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिमीवर येतो, म्हणजे तारेच्या चौथाईवर. मोकळ्या तारेचा चौथा स्वयंभू स्वर त्या जागी हलतच नाही. मूळ स्वर मात्र ब्रिजजवळच्या मानाने कितीतरी मोठा झोका घेतो. खर्ज भरतो आणि धार कमी होते ती यामुळे. २४ फ्रेटच्या गिटारमध्ये फिंगरबोर्डच पुढे सरकतो आणि नेक पिकअप सुमारे २ सेंमी ब्रिजकडे ढकलला जातो. मग कितीही महाग पिकअप बसवा, ती जागा परत मिळत नाही. जॅझसाठी गिटारच घ्यायची असेल तर फ्रेट मोजून घ्यावी. हा सल्ला लेखात पहिल्या ओळीत हवा होता.

आता जास्त वेढ्यांचा पिकअप जॅझला का मानवत नाही ते पाहू. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक शिखर तयार होते; त्या शिखरापर्यंत आवाज स्वच्छ ऐकू येतो, त्यापुढे घसरतो. पाच-सहा मीटरची केबल साधारण ५०० पिकोफॅरडची, कॉइलचे स्वतःचे शंभरेक धरू. साडेचार हेन्रीच्या जुन्या धाटणीच्या हमबकरचे शिखर मग ३ हजार हर्ट्झच्या जरा वर येते. आठ हेन्रीच्या 'हॉट' पिकअपचे २३०० च्या आसपास. नेकच्या जागी खर्ज आधीच भरपूर असतो. त्यात वरचे कापले गेले की एकेक सूर ठीक वाटतो, पण सातव्या-नवव्या सुरांच्या कॉर्डमधले चार आवाज एकमेकांत कालवले जातात. जॅझमध्ये नेमके तेच चार वेगळे ऐकू यायला हवेत. गोल म्हणजे बोथट नव्हे.

इतिहासही हेच सांगतो. गिब्सनच्या १९३६ च्या ईएस-१५० गिटारमधला, जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या नावाने ओळखला जाणारा पिकअप पोलादी पट्टीचा आणि गिटारच्या पोटात दडवलेल्या अवजड चुंबकांचा होता. १९४६ मध्ये गिब्सनचाच एकेरी कॉइलचा पी-९० पिकअप आला. १९४९ ची ईएस-१७५ त्याच पिकअपवर सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांचे हमबकर मिळाले: दोन कॉइल, ४२ गेजची तार, प्रत्येकी सुमारे ५००० वेढे, रोध साडेसात-आठच्या घरात. जॅझचे बरेचसे ध्वनिमुद्रण या मध्यम ताकदीच्या पिकअपांवर झाले आहे. नावावर तर मुळीच जाऊ नये. फेंडरने १९५८ मध्ये जॅझवाल्यांसाठी म्हणून जॅझमास्टर काढली आणि ती उचलली सर्फ संगीतवाल्यांनी! उलट जॅझ गिटारवादक एड बिकर्ट यांनी साध्या टेलिकास्टरला नेकवर हमबकर बसवून त्यावर बरीच वर्षे जॅझ वाजवला.

पण पिकअप मागवण्याआधी तारा बदलून पाहाव्यात. तोच सगळ्यात मोठा फरक आहे आणि त्याला डाखही लागत नाही. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत), ०.०१२ ते ०.०५२ इंचाचा संच, तिसरी तार गुंडाळलेली. ०.०१० च्या संचातून थेट इथे उडी मारली की ताण बराच वाढतो आणि मान पुढे झुकते. मानेचा बाक सावरणारा ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा, मग थोडा वेळ थांबून पुन्हा बघावे. ०.०१७ साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाकडील, तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचेत ०.०२४ ची तार अडकते. सुरात लावताना 'टिंग' असा आवाज आला की समजावे, खाच अरुंद आहे. ती नटच्या फाइलनेच रुंद करावी, चाकूने नाही. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ तारा 'आवाज गोड' म्हणून लावणारेही आहेत. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. पिकअपला आतली पोलादी तारच काय ती ऐकू येते, आणि वरच्या दोन साध्या तारा किंचाळत राहतात.

मग उंची. ती लावायला फक्त पेचकस आणि मिलिमीटरची पट्टी लागते, आणि 'पिकअप खराब आहे' म्हणून आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याशिम्म्या इथेच मिटतात. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजायचे. हमबकरला खर्जाकडे ३ मिमी, बारीक तारांकडे २.४ मिमीपासून सुरुवात करावी. पिकअप फार वर असेल तर खर्जाच्या तारा धबधब करतात, कॉर्ड चिरडल्यासारखी वाटते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या, म्हणजे स्ट्रॅटसारख्या गिटारमध्ये पोल हेच चुंबक असतात. ते जवळ आले की तार ओढली जाते आणि सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर एकाच सुरात दोन सूर लाटेसारखे ऐकू येतात. लोक इंटोनेशनचे (वरच्या फ्रेटवरचे सूर जुळवायचे) स्क्रू फिरवत बसतात. दोष चुंबकाच्या ओढीचा असतो. पिकअप अर्धा मिमी खाली नेला की लाट जाते. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपवर तिसऱ्या तारेचा पोल उंच असतो, कारण तेव्हा ती तार गुंडाळलेली असे. साध्या तारेखाली तो पोल आगाऊपणा करतो. फ्लॅटवाउंड लावल्यावर तोच बरोबर जमतो.

टोनची कळ शून्यावर नेली की जॅझ होतो, हा समज लेखातही आहे. शून्यावर कंडेन्सर थेट कॉइलला जोडला जातो आणि ०.०२२ मायक्रोफॅरडला ५०० हर्ट्झच्या आसपास एक नाकातला फुगवटा येतो. कळ ३ ते ५ वर ठेवावी, व्हॉल्यूम ७-८ वर. तरी जड वाटले तर इंदूरच्या महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात '१०३' मागावा, म्हणजे ०.०१ चा कंडेन्सर. तो काही रुपयांत येतो. गिटारमध्ये बसवलेला '२२३' किंवा '४७३' असतो.

एवढे करूनही बदलायचाच असेल तर निवड गिटारच्या खाचेवर ठरते. हमबकरची खाच असेल तर कमी वेढ्यांचा, अल्निको २ या सौम्य चुंबकाचा, नेकसाठी म्हणूनच बनवलेला पिकअप घ्यावा. अल्निको ५ चा खर्ज घट्ट आणि वरची धार जास्त. आर्चटॉप (फुगीर माथ्याची पोकळ गिटार) आधीच घुमत असेल तर तो बरा. पोलमधले एकूण अंतर नेकला ४९-५० मिमी असते, रुंद ब्रिजच्या गिटारला ५१. झाकण निकेल-सिल्व्हरचे घ्यावे. पितळी झाकण वरचे सूर खाते. मेणात न बुडवलेला पिकअप मोकळा बोलतो, पण मोठ्या आवाजात शिटी मारतो. एकाच कॉइलच्या जातीत माझे मत पी-९० ला, त्याचा मधला पट्टा बोलका आहे. फक्त कानवाला (दोन्ही टोकांना कानासारख्या पट्ट्या असलेला) पी-९० स्क्रूने वरखाली होत नाही, खाली पातळ चकत्या घालाव्या लागतात. टेलिकास्टरला लाकूड कोरण्याआधी मूळ पिकअपच नीट लावून पाहावा. जुन्या धाटणीत त्याचे उंचीचे स्क्रू पिकगार्डखाली असतात, म्हणून कोणी त्यांना हात लावलेला नसतो. कोरीव आर्चटॉपला मात्र भोक पाडणे पाप आहे. तिला मानेला टांगलेला फ्लोटिंग पिकअप असतो.

बसवताना जुन्या जोडणीचा फोटो आधी काढावा. ४० वॅटपर्यंतची कय्या (सोल्डरिंग आयर्न), ६०/४० चे सोल्डर. पॉटच्या (कळीखालच्या बदलत्या रोधाच्या) पाठीवर डाख द्यायच्या आधी ती सँडपेपरने घासावी. न घासता कय्या टेकवून बसले की आतली कार्बनची पट्टी जळते आणि कळ फिरवताना खरखर सुरू होते. हमबकरला ५०० के, एकेरी कॉइलला २५० के, दोन्ही लॉग जातीचे पॉट. चार तारांच्या पिकअपचे रंग कंपनीगणिक बदलतात. सेमूर डंकनची काळी तार गरम (संकेताची), हिरवी आणि उघडी अर्थला, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओची लाल गरम, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा रंग दुसऱ्याला लावला की आवाज पातळ होतो किंवा येतच नाही. एकेकटे नीट वाजणारे दोन पिकअप एकत्र लावल्यावर नाकात बोलू लागले, तर त्यांचे फेज उलटे आहे. चार तारांच्या पिकअपची गरम आणि हिरवी तार अदलाबदल करावी. उघडी तार अर्थलाच राहू द्यावी.

शेवटी आपल्याकडच्या मंचांविषयी, कारण लेखात त्याचा उल्लेखही नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात रोषणाईच्या वायरी स्टेजखालूनच गेलेल्या असतात. तिथे एकेरी कॉइल ५० हर्ट्झचा सूर मुख्य कलाकाराच्या थाटात लावते. अशा जागी हमबकरच न्यावा. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारच्या आतले शिल्डिंग कमी आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण ओठ माइकला लागताच झिणझिण्या आल्या तर अर्थिंग बिघडले आहे. तत्काळ वाजवणे थांबवून वायरमनला बोलवावे.

आणि गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नये. तो इनपुट साधारण १० किलो-ओहमचा असतो. साडेचार हेन्रीचा पिकअप त्याला जोडला की ६०० हर्ट्झच्या वरचे सगळे उतरू लागते आणि आवाजही जवळपास निम्म्यावर येतो. साउंडवाला मग ट्रेबल चढवतो, फुसफुस वाढते आणि दोष नव्या पिकअपवर येतो. मध्ये १ मेगा-ओहम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावावा, किंवा अँप मंचावर ठेवून त्याच्यापुढे माइक धरावा. गिटार अँपचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचे स्वतःच गाळतो. मंचावरचे मोठे स्पीकर गाळत नाहीत, म्हणून डीआयने वाजवताना मिक्सरवर ५ हजारांच्या वरचे उतरवून घ्यायला साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवावे.

आपला,
गिटार-दुरुस्ती करणारा एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर