अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकाचा मजकूर वेळेत द्यावा

महोदय,

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गाने सुरुवात करून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. पाठ्यपुस्तक बदलले की डोळस मुलाच्या हाती नवे पुस्तक पडते. अंध मुलासाठी मात्र जुन्या पुस्तकासाठी केलेले ब्रेल रूपांतर, ध्वनिमुद्रण आणि तपासणी हे सारे काम नव्या पुस्तकासाठी पहिल्या पानापासून पुन्हा करावे लागते. म्हणूनच एका फारशा खर्चिक नसलेल्या उपायाकडे शिक्षण विभागाचे लक्ष वेधावेसे वाटते.

ब्रेल पुस्तकांना उशीर झाला की त्याचे खापर बहुधा छपाईवर फोडले जाते. ब्रेलचे अक्षर लहान करता येत नाही, कागद जाड लागतो आणि एका पुस्तकाचे अनेक खंड होतात, हे खरेच. परंतु पुष्कळसा वेळ त्याआधी मजकूर मिळवण्यातच जातो. पुस्तक युनिकोड (कोणत्याही संगणकाला अक्षरे ओळखता येतील अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असेल, तर त्याची पीडीएफ पडद्यावर कितीही सुबक दिसली तरी स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) किंवा ब्रेल रूपांतराच्या सॉफ्टवेअरला तीत निरर्थक चिन्हेच सापडतात. मग कोणीतरी अख्खे पुस्तक पुन्हा टाइप करते, त्यात जोडाक्षरांच्या चुका शिरतात आणि त्या शोधण्यासाठी आणखी कोणाला तरी बसावे लागते. मुद्रितशोधन होऊन तयार असलेल्या मजकुरासाठी हा दुहेरी खटाटोप कशाला?

आकृत्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. भूमितीत ‘शेजारील आकृतीत’ अशी सुरुवात होते आणि निम्मी माहिती आकृतीतच असते. भूगोलात नकाशा वाचायचा असतो, तर खालच्या इयत्तांत चित्र पाहून उत्तर द्यायचे असते. यासाठी उठावाच्या रेषांची आकृती काढावी लागते किंवा नेमके वर्णन लिहावे लागते, आणि ते वर्णन उत्तर फोडणारे असून चालत नाही. जो कोन विद्यार्थ्याने काढायचा आहे, त्याचे माप वर्णनातच आले तर गणित उरतच नाही. हे तारतम्य विषय जाणणाऱ्यालाच राखता येते; त्यामुळे हे काम एखाद्या स्वयंसेवकावर न सोपवता विषय समितीनेच, ब्रेल वाचणाऱ्या शिक्षकाला सोबत घेऊन, पुस्तक लिहितानाच करावे. (असा शिक्षक समितीत बसला, तर केवळ शोभेसाठी घातलेली बरीच चित्रेही गळतील, असा माझा अंदाज आहे.)

कायद्याची आडकाठी कुठेच नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्यास मुभा दिली, आणि याच विषयावरील आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम १७ नुसार, कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व अन्य शैक्षणिक साहित्य मोफत मिळायला हवे. ते कोणत्या महिन्यात मिळावे, हे मात्र कायदा सांगत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

बालभारतीने पुस्तक छपाईला पाठवतानाच त्याचा युनिकोड मजकूर, आकृत्यांच्या वर्णनासह, ब्रेल छापखाने, अंधशाळा आणि ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाकडे सोपवावा. त्याच मजकुरातून अल्पदृष्टी मुलांसाठी मोठ्या अक्षरांची प्रतही काढता येईल. या मुलांना ब्रेलची गरज नसते आणि नेहमीची छपाई वाचवत नाही, त्यामुळे दोन्ही योजनांमधून ती सहज निसटतात. शिवाय कोणत्या इयत्तेचे कोणते पुस्तक ब्रेल, ध्वनी किंवा मोठ्या अक्षरांत तयार आहे, याची यादी दरवर्षी मे महिन्यात संकेतस्थळावर जाहीर व्हावी, म्हणजे जी पुस्तके राहिली असतील त्यांची सोय पालकांना आणि विशेष शिक्षकांना शाळा सुरू होण्यापूर्वी करता येईल.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा