वाईटपणा कोण घेणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगरपरिषदांच्या निवडणुका होऊन गेल्या, 2 डिसेंबर 2025 ला मतदान, निकालासाठी 21 डिसेंबरपर्यंत सगळ्यांना टांगून ठेवलं, मग एकदाचा गुलाल उधळला गेला. तेव्हापासून आमच्या इथल्या प्रत्येक चौकात सारखेच फ्लेक्स दिसतायत, खाली पन्नास फोटो आणि वर मोठ्या अक्षरात काय तर एकी, एकजूट, मतभेद विसरून विकासासाठी एकत्र वगैरे. (फ्लेक्सवरून मुंबई उच्च न्यायालयाने किती वेळा झापलंय, पण तो विषय आज राहू दे.) माझं म्हणणं एवढंच की आपल्यासारख्या छोट्या शहरांत एकी हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही यालाच आपण एकी म्हणायला लागलोय.

उदाहरण घरातलंच देतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं एक चेंबर आहे. ते तुंबलं ते सहा आठवडे तसंच. झाकण बाजूला सरकलेलं, त्यात कुणीतरी बाभळीची फांदी उभी करून तिला लाल फडकं बांधलेलं, पाणी रस्त्यावर, आणि शाळेची पोरं पाण्यात टाकलेल्या तीन विटांवरून एकेक पाय टाकत जायची, तिसरी वीट हलायची. प्रभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दोनशेच्या वर मेंबर. एका सकाळी एका पोराने त्या चेंबरचा फोटो टाकला, खाली फक्त एवढंच लिहिलं की "याचं काय करायचं?" अर्धा पाऊण तास कुणी हूं की चूं नाही. दोनशे लोकांनी बघितलं असणार. मग एकाने गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला, दुसऱ्याने हात जोडले, तिसऱ्याने कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि फोटो वर सरकून गेला. शेवटी एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "ग्रुपवर राजकारण नको, आपली एकी टिकली पाहिजे." त्या पोराने फोटो स्वतःच डिलीट केला. गटार म्हणजे राजकारण कधीपासून झालं हे मला अजून कळलेलं नाही.

आता खरं सांगतो, मी पण त्या दिवशी काही लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. कारण आमचे जे नगरसेवक आहेत ते माझ्या शाळेतल्या मित्राचे धाकटे भाऊ, आणि वडलांना रात्री दोन वाजता त्रास व्हायला लागला तेव्हा एका फोनवर गाडी काढून जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलेला माणूस तोच. हॉस्पिटलात पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याच्या नावाने मी दोनशे लोकांसमोर गटाराचा फोटो कसा टाकू? कुठल्या तोंडाने? आपल्याकडे म्हणतात तसं उगाच वाईटपणा कोण घेणार.

छोट्या शहराचं हे दुखणं मोठ्या शहरवाल्यांना कळणार नाही. तिकडे नगरसेवक म्हणजे पोस्टरवरचा चेहरा, इथे तो लग्नात पंगतीला शेजारी बसतो, मयताला खांदा देतो, दाखला अडला तर स्वतः तहसीलला येतो, पोराच्या अ‍ॅडमिशनला फोन करतो. आणि हे सगळं खरंखुरं करतो हो, ढोंग नाही त्यात. पण ही मदत माणसागणिक मिळते. माझं एकट्याचं काम त्याला हक्काने सांगता येतं, रात्री दोनलाही सांगता येतं, सगळ्यांचं काम सांगायला मात्र तोंड उघडत नाही, कारण ते सांगितलं की ती तक्रार होते. मग चेंबर कुणाचंच नाही.

त्यातून आता एका प्रभागात दोन दोन सदस्य. एकाकडे गेलं की तो म्हणतो तो भाग ताईंकडे येतो, ताईंना फोन लावला तर मिस्टर उचलतात आणि म्हणतात पाईपलाईनचं भाऊ बघतात. महिलांना निम्म्या जागा मिळून इतकी वर्षं झाली, निदान फोन तरी त्यांच्याकडे असू द्या.

बरं, मधली चारेक वर्षं तर विचारायला सुद्धा कुणी नव्हतं. मागची निवडणूक 2016 ला, मुदत संपल्यावर सगळीकडे प्रशासक. सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, सकाळी सही करायचे आणि तोच ठराव. न सभा, न विरोधक. काही लोक तेव्हा म्हणायचे बरं झालं भांडणं मिटली, कामं शांतपणे होतायत. शांतपणे होत होती हे खरं, कुठली होत होती ते विचारायचं नव्हतं फक्त.

भांडण म्हणजे वाईट हे आपल्या डोक्यात कुणी घातलं मला माहीत नाही, पण या राज्यात नगरपालिकेचा पहिला मोठा धडा एका विरोधी मताचाच आहे. महात्मा फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागताला एक हजार रुपये खर्च करायचं ठरलं. 32 सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. ठराव अर्थातच पास झाला. आज त्यांचा पुतळा नाही असं शहर सापडणार नाही, आणि जयंतीला हार घालायला सगळे पक्ष एकत्र येतात, पण सभागृहात 32 पैकी 31 व्हायला सगळे तयार, ते एक व्हायला कुणी नाही. आज कुणी तसा उठला तर ग्रुपवर पहिला मेसेज येईल की एकी बिघडवू नका.

एक गोष्ट मात्र मला कायम खुपते. खेड्यात ग्रामसभा असते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा तिथल्या पोरासोरांना पाठ असतात. चालतात कशा ते सोडा, अर्ध्या कागदावरच होतात, पण निदान एखादी म्हातारी उठून सरपंचाला विचारू तर शकते की माझ्या दारातला हातपंप कधी दुरुस्त करणार. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव तर सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतं, आणि सहमती होईपर्यंत बसतात लोक, पुन्हा पुन्हा बसतात. 2014 नंतर तालुक्याच्या गावांच्या किती ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, पेढे वाटले गेले, निधी येणार, शहर होणार. शहर झालं आणि ग्रामसभा गेली. ती म्हातारी आता कुठे उठून बोलणार? नगरपरिषदेच्या सभेत ती बसू शकेल फार तर, विचारायचा हक्क तिला नाही.

74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, त्यात वॉर्ड समित्या आहेत, पण त्या सक्तीच्या फक्त 3 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना. आपण ब वर्ग, म्हणजे 40 हजार ते 1 लाख, आपण त्यात बसतच नाही. आपल्यासाठी राहतं ते एकच, क्षेत्रसभा. 2009 साली राज्याने कायद्यात ही तरतूद केली, नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा बोलवायची, कामं काय हवीत ते लोकांनी सांगायचं, यादी त्यांनी ठरवायची. नाही बोलावली तर पद जाऊ शकतं असंही त्यात आहे. मी ओळखीतल्या दहा बारा जणांना विचारलं, एकालाही हा शब्द माहीत नव्हता. दोघं म्हणाले क्षेत्रसभा म्हणजे तीर्थक्षेत्राचं काहीतरी का?

आणि आपल्याला एकत्र बसता येत नाही असं नाही ना. 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 29 जूनला, कितीतरी गावांत मुस्लिम मंडळींनी स्वतःहून त्या दिवशी कुर्बानी न करायचं ठरवलं. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, तेव्हा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि सरकारने 29 ची सुट्टी दिली. हे वरून हुकूम आला म्हणून झालं नाही, गल्लोगल्ली माणसं बसली, कुणी चिडलं असेल, कुणी उठून गेलं असेल, परत आणून बसवलं असेल, मग ठरलं. पुढारीपण म्हणतात ते हेच. पण हे आपल्याला फक्त पोलीस स्टेशनच्या शांतता कमिटीत जमतं, तेच वीस चेहरे, पीआय साहेबांचा चहा, फोटो, संपलं. सण जवळ आला, पोटात गोळा आला की आपण एकत्र बसतो. गटारासाठी पोटात गोळा येत नाही.

असो. तो फोटो डिलीट करणारा पोरगा मात्र गप्प बसला नाही. त्याने एका रविवारी आमच्या बाजूच्या सात घरांना गच्चीवर बोलावलं. मला वाटलं निवेदन लिहू, सह्या करू, संपेल. कसलं काय, पहिल्या दहा मिनिटांत भांडण जुंपलं. एक वहिनी म्हणाल्या भाजीची देठं आणि शिळं गटारात कोण टाकतं ते मला माहितेय, नावं घेऊ का? दुसऱ्या म्हणाल्या घ्या ना. मग कुणीतरी हळूच म्हणालं की जेसीबी मागच्या वर्षी आला होता, परत गेला, कारण गटारावर ओटे आहेत. कुणाचे ओटे? आमचेच. सातपैकी चार घरांनी गटारावर फरशी टाकून ओटा पुढे घेतलाय, त्यात एक माझा. संध्याकाळी मी त्याच ओट्यावर बसून नगरपालिकेला नावं ठेवत असतो. गच्चीवर एकदम शांतता. त्या क्षणी मला कळलं की आपण नगरसेवकाला का विचारत नाही, त्याने उलट विचारलं तर काय सांगणार म्हणून. तो आमचा ओटा बघून गप्प, आम्ही त्याचं चेंबर बघून गप्प, झाली एकी.

तीन ओटे फुटले. माझा त्यात आहे, मोठा काही त्याग नाही, बायको चार दिवस बोलली नाही एवढंच. चौथा अजून आहे, त्या घरात आजारी माणूस आहे, पायरी दुसरीकडे करून द्यावी लागेल, त्याला वेळ दिलाय. फरशी काढल्यावर खाली काय काय निघालं ते लिहीत नाही, तुमचे वाचक नाश्ता करताना पेपर वाचतात.

मग आम्ही क्षेत्रसभा बोलवावी म्हणून अर्ज केला. तक्रार नाही, अर्ज. दोन्ही नगरसेवकांच्या नावे, प्रत मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांना, नगराध्यक्षही आता थेट जनतेतून निवडलेले आहेत तेव्हा आमचेच. खाली एकवीस घरांच्या सह्या. आवक विभागातल्या ताईंनी शिक्का मारताना दोनदा विचारलं की हे नक्की कुठल्या डिपार्टमेंटचं. पोच माझ्याकडे आहे.

त्याच संध्याकाळी मित्राच्या त्या भावाचा, नगरसेवकाचा फोन आला. "दादा, अर्ज कशाला, मला नुसतं सांगायचं ना, काम करून टाकलं असतं." आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि तेच जास्त अवघड असतं. मी म्हटलं अरे तुझ्याविरुद्ध काही नाही, वडलांच्या वेळी तू जे केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण हे माझं काम नाहीये, एकवीस घरांचं आहे. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "लोक मला शिव्या घालतील त्यात." म्हटलं घालतील थोड्या, मलाही ओट्यावरून घातल्यात.

तुमच्या पेपरला विनंती एवढीच की फ्लेक्सवरच्या एकीचे फोटो खूप छापता, कुठल्या प्रभागात क्षेत्रसभा झाली, किती लोक आले, कुणी काय विचारलं हे पण चार ओळीत छापत जा.

चेंबरचं झाकण सोमवारी बसवलं. सभा घेतो म्हणालाय, शाळेच्या पटांगणात, फक्त सतरंज्या तुम्ही आणा म्हणाला. सतरंज्यांचं बघितलंय, तारीख अजून यायचीय.

कळावे,
आपला एक जुना वाचक